तामणातली लाल चांदणी

माझ्या नणंदेचं सासर समुद्राकाठी, अलिबागच्याही पुढं आहे. आम्ही कडावचे. भातशेती, दोन म्हशी आणि आमच्या यांचा टेंपो, एवढ्यावर घर चालतं. समुद्र आमच्याच जिल्ह्यात, पण लग्नानंतर मी तो मोजक्या वेळाच पाहिला. तोसुद्धा बायकांच्या घोळक्यात मागे उभं राहून. मला पुढे होता येत नाही. कोणी काही विचारलं की उत्तर घशातच बसतं. मग ते घरी येऊन मी लिहिते. चौथीपर्यंतचं शिक्षण त्याला पुरतं.

भात झोडून झालं आणि नणंदेच्या नातवाचं बारसं आलं. सासूबाई आणि मी गेलो. बारसं झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. नणंद सकाळपासून पाण्याकडे बघत होती. पाणी उतरलं तशी म्हणाली, "चल वैनी, कालवं काढू. आई, तू बस हितं सावलीत."

"बसायला आलेय का मी?" सासूबाई म्हणाल्या. "माझं गुडघं भिजवायचंत मला. आन कॅन भरून घरी न्यायचाय."

समुद्राच्या पाण्याने शेकलं की गुडघ्याची कळ जाते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यासाठी घरून तेलाचा रिकामा कॅन धुऊन आणला होता. एसटीत तो त्यांनी नातवंडासारखा मांडीवर घेतला होता.

खडक काळे, शेवाळाने निसरडे. मधेमधे पाणी साठून राहिलेलं. आमच्या भाताच्या खाचरात असतं तसंच उथळ, पण इतकं नितळ की तळाचा खडा न खडा दिसत होता. नणंद कोयतीने खडकाला चिकटलेली कालवांची शिंपलं फोडत पुढे गेली. मी तिच्या मागे. एका ठिकाणी पाय ठेवायला दगड सरकवला आणि खाली लाल काहीतरी दिसलं.

आधी वाटलं फूल आहे. पाच पाकळ्यांचं. मग वाटलं कोणाचं खेळणं पडलंय. हाताच्या पंजाएवढं होतं. मधे लहानशी गोल गादी आणि तिच्यातून फुटलेले पाच हात, टोकाकडे निमुळते होत गेलेले. रंग पिकल्या मिरचीचा, पण विटेवर पाणी मारल्यावर येतो तसा जड. वरची पाठ खरखरीत, कारल्याच्या सालीसारखी, बारीक पुटकुळ्यांची. ना डोळे, ना तोंड, ना शेपूट. पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं तेही कळेना.

मी नणंदेला हाक मारली नाही, नुसती उभी राहिले. तिनेच बघितलं आणि आली. तिने ते उचलून उलटं केलं. खालची बाजू फिकट, आणि प्रत्येक हाताच्या मधोमध खाच. त्या खाचेत बारीक बारीक पांढरे कोंब वळवळत होते. वाल भिजत घालून मोड काढले की दुसऱ्या दिवशी जसे दिसतात तसे, फक्त हे जिवंत होते. प्रत्येक कोंब आपापल्या वाटेने काहीतरी शोधत होता.

"हे तिचं पाय," नणंद म्हणाली. "शेकड्यानं असतात. आन हे मधलं भोक, ते तोंड. कालवाच्या उरावर बसती, त्याला उघडती आन खाती. आमच्याच पोटावर पाय देती चोरटी."

"नाव काय हिचं?"

"शाळेत पोरं तारामासा म्हंतात. आमी चांदणी म्हंतो. खाता येत नाय त्याला कोण नाव ठेवीत बसतंय?"

तिने चांदणी पाण्यात सोडली, तीही उलटीच. मला म्हणाली, बघ आता. चांदणीने एका हाताचं टोक दुमडलं, त्याने दगड धरला, मग दुसऱ्याने, आणि अंग मुरडत मुरडत सुलटी झाली. घाई कसलीच नाही. मी इतका वेळ एका जागी कधी उभी राहत नाही. घरी असते तर कोणीतरी हाक मारली असती.

"या कुठंबी असतात का?" मी विचारलं.

"छे गं. रेतीत नाय, खाडीच्या चिखलात तर नायच. हिला खडक लागतो, दगडाखालची सावली लागती आन असं नितळ पानी. दगड व्हता तसा ठेव बरं. ऊन लागलं तर खालचं सगळं मरतं."

मी दगड होता तसा ठेवला. आमच्याकडे बांधाचा दगड हलला तर जातायेता कोणीही परत बसवतो, तसंच ते.

सासूबाई तेव्हा मागे एका डबक्यात पाय सोडून बसल्या होत्या. पदरात शिंपले गोळा करत होत्या. त्या पदरात आणखी काय होतं ते मला दिसलं नाही.

एसटीत आमच्या पिशवीतून पाणी गळत होतं. पुढच्या बाकाखाली ओघळ गेला तसा एक म्हातारा पाय वर घेऊन म्हणाला, "मावशी, समुद्र घेऊन निघालात की काय?" सासूबाई म्हणाल्या, "सगळा नाय वो, कॅनभर." सगळी एसटी हसली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. खोपोलीत शिळफाट्याला उतरून आम्ही गाडी बदलली, आणि घरी पोचलो तेव्हा म्हशी ओरडत होत्या. दुधाची वेळ टळली होती. मी पाय धुतले आणि तशीच गोठ्यात गेले.

दूध काढून आत आले तर सासूबाई दिवा लावून देव्हाऱ्यासमोर बसलेल्या. तामणात तसलीच लाल चांदणी. पाच हातांवर कुंकवाची पाच बोटं आणि मधे हळद.

माझ्या हातातली दुधाची कासंडी तशीच राहिली.

"आई, ही कुठनं आणली?"

"तुझ्या नणंदेच्या दारातनं. शिंपल्याबरोबर गावली. बघ की कशी दगडासारखी घट्ट हाय. देवाच्या हाताखालनं निघाल्यासारखी." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "लेकीच्या गावचं काहीतरी असू दे घरात. ती येती कुठं सारखी."

जत्रेत शंखाशिंपल्यांबरोबर वाळलेल्या चांदण्या विकायला असतात. त्यांनी तेवढ्याच बघितल्या होत्या. ही त्यातलीच, त्यांना वाटलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाईट असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं का, कोण जाणे. बहुतेक नसतंच गेलं.

"आई, ती जित्ती हाय."

"कायतरीच. किती वेळ पिशवीत व्हती."

त्यांनी लोटीने विहिरीचं पाणी तिच्यावर सोडलं, देवाला आंघोळ घालतात तसं. कुंकू ओघळलं. तेवढ्यात एका हाताचं टोक वर उचललं गेलं आणि हळूच खाली टेकलं.

सासूबाई दोन हात मागे सरकल्या. "हलली गं!" मग लगेच त्यांनी हात जोडले. आणि मग, पुढच्याच क्षणी, त्या शेतकऱ्याची बाई झाल्या. "जित्ती हाय तर पानी नको का तिला? घमेलं आण. चांगलं भरून आण."

आमच्याकडे हीच रीत आहे. पावसाळ्यात खाचरात मासे चढतात, बांधात खेकडे मिळतात. संध्याकाळी आणले तर ते घमेल्यात विहिरीचं पाणी घालून ठेवतात, सकाळपर्यंत ताजे राहतात. पाण्यातला जीव पाण्यात ठेवायचा. पाण्यापाण्यात फरक असतो हे आमच्या कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण आमचं सगळं पाणी गोडच. मला पण हायसं वाटलं. मी पळत जाऊन घमेलं भरून आणलं आणि त्यांनी तिला आत सोडली.

स्वयंपाकाला लागले पण जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी तव्यावर टाकायची आणि बाहेर येऊन बघायचं. एक भाकरी करपली. आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. घमेल्यात चांदणी काही सुधारत नव्हती. खडकावर बघितलेली ती कशी ताठ होती, हातांना आकार होता. हिचे हात फुगल्यासारखे मऊ दिसायला लागले. मी बोटाने उलटी करून बघितली. पांढरे कोंब आत ओढले गेले होते, खाचा बंद. पाण्यावर तवंगासारखा बुळबुळीत थर आला होता.

आमचे हे टेंपो लावून आले, घमेल्यात डोकावले. "आईनं काय आणलंय? लाल खेकडा?"

"चांदणी. समुद्रातली. मरंल ती."

"मग मरू दे. आमटी कर." ते हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "आगं, मस्करी केली. ताईला इचार की फोन करून."

मी स्वतःहून कोणाला फोन लावत नाही. आलेला घेते, तोही दुसऱ्या खोलीत जाऊन. त्या दिवशी मी नणंदेला फोन लावला, आणि ती हॅलो म्हणायच्या आत बोलायला लागले. काय बोलले ते मला सांगता येणार नाही. तिला एवढं कळलं की चांदणी आमच्या घरी आहे आणि विहिरीच्या पाण्यात आहे.

"गोड्या पान्यात?" ती ओरडलीच. "वैनी, मारताय का तिला! काढ आधी! खारं पानी पायजे तिला, समुद्राचंच. नुस्तं मीठ टाकून चालायचं नाय."

समुद्राचं पाणी घरात होतं. पण कॅन जागेवर नव्हता. मी मागच्या दारी गेले. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या, चुलीवर पातेलं, आणि कॅनचं झाकण त्यांच्या हातात.

"नका वतू," मी म्हटलं.

एवढं मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. सासूबाईंनी कॅन खालीच ठेवला.

"काय झालं गं?"

मी सांगितलं. चांदणीला हेच पाणी लागतं, हे दिलं नाही तर ती जाईल.

"आन माझं गुडघं?"

मी कॅनकडे हात केला.

"एवढ्या लांबनं वाहून आणलं मी ते. एसटीत मांडीवर घेऊन. माझ्या गुडघ्यापेक्षा ती चांदणी मोठी झाली व्हय गं तुला?"

"तुझं गुडघं उद्याबी असतील, आई," आमचे हे दारातून म्हणाले. "ती नसंल."

"तू गप रं. बायकोच्या बाजूनं बोलतोस." पण त्यांनी कॅन माझ्याकडे सरकवला. वर म्हणाल्या, "सगळं नको घेऊस." मी सगळंच घेतलं.

घमेलं धुऊन, पुसून कोरडं केलं. चांदणी ठेवली. वरून खारं पाणी सोडलं. ती तळाशी शांत पडून राहिली. वर एक सूप झाकलं, सावलीसाठी. त्या रात्री मला झोप आली नाही, एवढंच.

पहाटे बघितलं तर चार हातांच्या खाचांतून कोंब बाहेर आले होते. घमेल्याच्या तळाला धरून होते, पण सैल. पाचवा हात तसाच, ओल्या चिंधीसारखा. पाण्याला वास यायला लागला होता. म्हणजे आजचाच दिवस हातात होता. आमच्या यांना त्या दिवशी पेणचं भाडं होतं, एका नर्सरीची आंब्याची कलमं पोचवायची होती. पेणपर्यंत गेलं की समुद्र जवळच. मी हिशोब केला, पण तो बोलून दाखवायचा कसा, म्हणून अंगण दोनदा झाडलं.

सासूबाई ओट्यावर येऊन बसल्या. मी घमेलं त्यांच्यासमोर ठेवलं.

"आई, हिला परत न्यायला पायजे. ही तिथलीच हाय. हितं नाय जगायची."

त्या म्हणाल्या, "माझी लेक जगली ना तिथं? कडावची पोर ती. गोड्या पान्यात वाढलेली. दिली खाऱ्या पान्याच्या गावात. मासं साफ करता येत नव्हतं तिला, रडून निरोप धाडायची. जगली का नाय? मग ही का नाय जगायची?"

मी स्वतः डोंगराच्या पायथ्याच्या गावातून या घरात आलेली. इथल्या खाचरात पहिल्यांदा लावणीला उतरले तेव्हा पायाला जळवा लागल्या आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. जगले खरी. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच. पण घमेल्यातला तो पाचवा हात त्यांच्या बोलण्याने काही उचलला जात नव्हता. मी नुसतं बोट त्याच्याकडे केलं.

सासूबाईंनी वाकून बघितलं. गुडघा धरूनच वाकल्या. आपल्या बोटाने त्यांनी तो हात जरासा उचलला आणि सोडला. तो परत खाली पडला.

"ने बाई," त्या म्हणाल्या. "पन कॅन भरून आण माझा."

टेंपोत पाठीमागे कलमं, पुढे आम्ही दोघं, माझ्या मांडीवर झाकणाच्या बादलीत चांदणी. प्रत्येक खड्ड्याला मी बादली वर उचलून धरत होते. पळसदरी गेली, खोपोली आली. शिळफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या आणि आमचे हे शेजारच्या ट्रकवाल्याशी गप्पा मारत बसले. मला वाटलं उतरावं आणि चालत जावं. झाकण उघडून बघायची भीती वाटत होती आणि न बघता राहवत नव्हतं.

पेणला कलमं उतरवायला वेळ गेला. तिथून पुढे खाडीचा पूल लागतो. यांनी पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली.

"हे घे तुझं खारं पानी. सोड."

मी बादली घेऊन खाली उतरले. चिखल, पोटरीपर्यंत. खारफुटीची मुळं, प्लास्टिक अडकलेलं. पाणी आमच्या चिखलणीच्या वेळच्या खाचरासारखं. बोट बुडवून चाखलं.

"खारं हाय ना?" हे वरून म्हणाले.

"हाय. पन दगड नाय."

"काय?"

"हिला खडक लागतो. नितळ पानी लागतं. सावली लागती." मी चिखलातूनच बोलत होते. "हितं ती एक दिवस नाय राहायची."

ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "सोयरीक जमवतेस का तिची? घर बघ, अंगण बघ. तुला देताना तुझ्या बापानं एवढं नव्हतं बघितलं."

"नव्हतंच बघितलं," मी म्हणाले.

ते एकदम हसले, खाली येऊन बादली माझ्या हातातून घेतली आणि मला वर यायला हात दिला. "चल. डिझेल जळायचं ते जळू दे."

नणंदेच्या गावी पोचलो तेव्हा पाणी अजून पुरतं उतरलं नव्हतं. कालची जागा पाण्याखाली. कुठे थांबायचं ते कळेना, मी वाळूवरच इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिले. हे नणंदेच्या घरी चहा प्यायला गेले. नणंद धावत आली, बादलीत बघितलं आणि जीभ चावली.

"लई मऊ पडलीय गं. पन हाय."

पाणी मागे सरकत होतं आणि मी त्याच्यामागे पाऊल पाऊल पुढे. खडकाचं एकेक डोकं वर यायला लागलं. एका खोलगट जागी पाणी साठलेलं होतं, बाजूला मोठा दगड, त्याच्याखाली पोकळी. आत कालवं चिकटलेली. मी बादलीत हात घातला आणि चांदणी तळव्यावर घेतली. पाण्यात हात तसाच बुडवून धरला. गार पाणी तिच्यावरून गेलं.

आधी काहीच नाही. मग तळव्याला बारीक बारीक ओढ लागली, जणू कोणी चिमटीने कातडी उचलतंय. कोंब बाहेर आले होते आणि त्यांनी माझा हात धरला होता. तिला तो दगडच वाटला असेल.

"सोडव आता," नणंद म्हणाली. "जोरात नको."

मला जोरात करताच आलं नसतं. मी हात दगडाला टेकवून ठेवला आणि वाट बघत बसले. पाय बधिर झाले, साडी मांडीपर्यंत भिजली. किनाऱ्यावरून यांनी हाक मारली, मी उत्तर दिलं नाही. एका हाताच्या टोकाने दगड चाचपला. मग दुसऱ्याने. तळवा थोडा थोडा मोकळा होत गेला. ती माझ्यावरून उतरून दगडावर गेली आणि दगडाच्या कडेने खाली, पोकळीकडे सरकली. चार हात चालत होते. पाचवा मागून ओढला जात होता.

ती दगडाखाली गेली. पाचव्या हाताचं लाल टोक तेवढं बाहेर राहिलं, उन्हात.

मी ते आत लोटायला बोट पुढे केलं. नणंदेने माझं मनगट धरलं. "नको. तिचं ती नेईल."

"नाय नेलं तर?"

"तर गळून पडंल आन नवा फुटंल. ह्यांना फुटतो."

मला ते खरं वाटेना. मी वाकून त्या टोकाकडे बघत राहिले. ते हललं की पाण्यामुळे हलल्यासारखं दिसलं, ठरवता येईना. तेवढ्यात पाण्याची एक लाट आत शिरली, तळाची रेती उठली आणि सगळं गढूळ झालं. आम्ही दोघी पाणी नितळायची वाट बघत उभ्या राहिलो.